तांदळातलं नाव

रविवार, २२ मार्च

ही वही चॅरिटी शॉपमधली. पहिल्या दोन पानांवर कुणीतरी आपल्या कुत्र्याच्या औषधांच्या वेळा लिहून ठेवल्यात. सकाळी अर्धी गोळी, संध्याकाळी अर्धी, आणि खाली 'आज शेपूट हलवली'. ती पानं फाडवेनात, म्हणून मी तिसऱ्यापासून सुरू करतेय.

डायरी लिहायची कल्पना मधुमावशींची. म्हणाल्या, "लिहीत जा गं पूर्वी. काल तू कुठं होतीस ते निदान तुला तरी कळंल."

खरं आहे ते. जन्म इथला, लंडनमधल्या हॅरोतला, म्हणून पासपोर्ट ब्रिटिश. तीन वर्षांची असताना आईबाबा मला घेऊन कोल्हापूरला परत गेले. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धं टाकून मी इकडे आले. दीड वर्षात केंटमध्ये स्ट्रॉबेऱ्या तोडल्या, बर्मिंगहॅमला कालव्यातल्या बोटी रंगवल्या, केंब्रिजच्या एका कॉलेजच्या किचनमध्ये कढया घासल्या. मग दोन आठवड्यांसाठी म्हणून स्टॅनमोरला मधुमावशींच्या घरातल्या छोट्या खोलीत आले. त्याला आता चार महिने झाले.

मावशी म्हणजे आईच्या मैत्रिणीची थोरली बहीण. मूळच्या निपाणीच्या, वय बासष्ट. आधी शाळेच्या किचनमध्ये, मग लायब्ररीत काम केलं. काका तीन वर्षांपूर्वी गेले. अठरा वर्षं त्या इथल्या पार्टीचं काम करतायत, म्हणजे पत्रकांना घड्या घालायच्या, ती दारोदार टाकायची आणि मीटिंगला समोसे न्यायचे.

आज पार्टीचा अतुल आला होता. तो इथेच जन्मलेला, त्याच्या मराठीत कुठली वस्तू 'तो' आणि कुठली 'ती' याचा काही भरवसा नसतो.

"काकू, गुड न्यूज. मेच्या कौन्सिलच्या इलेक्शनला तुम्ही आमची कँडिडेट. फक्त पेपरवर."

"पेपरवर म्हणजे?"

"म्हणजे ही वॉर्ड आपण कधीच जिंकत नाही. पण बॅलटवर पार्टीचा नाव दिसली पाहिजे. तुम्ही काही करू नका, प्लीज."

मावशींनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "अठरा वर्षं मी सगळं करत होते तेव्हा उभं केलं नाहीत. आता काही करू नका म्हणता, तर उभं करताय?"

अतुलने चहात तिसऱ्यांदा साखर घातली. मला हसू आवरेना, म्हणून मी बागेत गेले. तिथे एक कोल्हा दिसला. त्याच्या मागे पार टेनिस कोर्टापर्यंत गेले, परत आले तेव्हा अतुल गेलेला.

मावशी कॅलेंडरच्या मागे नावं लिहीत होत्या. आपल्या चार रस्त्यांवरच्या, नवऱ्याच्या नोकरीमागे व्हिसावर आलेल्या बायका. भारताचा पासपोर्ट असला तरी इथे राहणाऱ्याला मत देता येतं म्हणे, कॉमनवेल्थ म्हणून. मला माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, त्यांनाही नसतं, हेच तर दुखणं आहे.

"मी काय जिंकत नाही. पण या अकराजणींनी मत दिलं तर माझं उभं राहणं कागदावरचं नव्हे. आणि बारावी तू."

"मी मेमध्ये इथे नसणार, मावशी. स्कॉटलंडला स्काय बेटावर हॉस्टेलचं काम मिळालंय. दहा मेला ट्रेन."

"मत सात तारखेला आहे," त्या म्हणाल्या आणि भाजी चिरायला लागल्या.

रविवार, २९ मार्च

आज चैत्राचं हळदीकुंकू. घड्याळं आजच एक तास पुढे गेली आणि मी किचनमधलं बदलायला विसरले, त्यामुळे पाहुण्या आल्या तेव्हा आम्ही डाळ वाटत होतो. वेंब्लीहून आणलेल्या कैऱ्या इतक्या आंबट निघाल्या की पन्ह्यात गूळ दोनदा घातला.

अतुलचा फोन तीनदा. उमेदवाराने खायला घालून मत मागितलं तर इथे गुन्हा होतो, पार कोर्टात जातं. मावशी म्हणाल्या, "मत कुणाला द्यायचं हा विषय जी काढेल तिला पन्हं मिळणार नाही. आज फक्त नाव नोंदवायचं." अतुल म्हणाला, "आणि फॉर्म ज्याची त्यानेच भरायची, काकू. तुम्ही नाही, पूर्वी पण नाही." मावशींनी ते मला दोनदा सांगितलं. एकदा ओरडूनही, कारण मिक्सर चालू होता.

अकराही आल्या. सुरुवातीला जरा अवघडलेपण होतं. हळदीकुंकू बोलावलंय विधवा बाईने, मग कुंकू लावायचं कुणी? शिल्पाकाकू, पुण्याच्या, माझ्या कानाशी म्हणाल्या, "या दक्षिणेकडच्या बायका फारच धीट हं." मावशींना ऐकू गेलं. म्हणाल्या, "शिल्पा, आम्हा निपाणीकरांना कर्नाटकात मराठी म्हणतात आणि महाराष्ट्रात कानडी. धीट नसतो तर कुठल्याच यादीत आलो नसतो."

सगळ्या हसल्या, तरी हळदीकुंकवाची कुयरी तशीच पडून होती. मग अक्षया उठली. ती आमच्या मागच्या रस्त्यावरची, तिशीतली, नवरा पुष्कर बँकेत सॉफ्टवेअरमध्ये. बोलते कमी. ती कुयरी घेऊन मावशींसमोर बसली आणि कपाळ पुढे केलं. "तुम्हीच लावा काकू."

मावशींनी कुंकू लावलं आणि डोळे पुसले. तिखट डाळीमुळे असेल.

वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलची वाटी आणि एक पेन. मग फॉर्म. पण निम्म्या जणी म्हणाल्या, पासपोर्ट फाईलमध्ये आहे, फाईल ह्यांच्या कपाटात. फॉर्मवर लागणारे सरकारी इन्शुरन्स नंबर मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये होते. मुलं कंटाळली होती, कुणाची शॉपिंगची गडबड. मी म्हटलं, द्या इकडे, तुम्ही फक्त सह्या करा. मावशी आत ओट्या भरत होत्या. जाताना प्रत्येकीच्या हातात हरभऱ्याची पुडी आणि माझ्याकडे एक फॉर्म.

अकराचे अकरा! मावशींना दाखवले तर त्यांनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"सगळं पासपोर्टप्रमाणं आहे न्हवं?"

"हो हो," मी म्हटलं. नावं निमंत्रणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून उतरवायची होती, अजून भरायचं काम बाकी होतं, पण नाव ते नाव.

मंगळवार, ३१ मार्च

कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फॉर्म पोस्टाने पाठवले. वाटेत एका माणसाने घुबड हातावर बसवलं होतं, शाळेत दाखवायला न्यायचं म्हणाला. घुबडाच्या पापण्या खालून वर मिटतात.

शनिवार, ११ एप्रिल, केंब्रिज

मायराचा फोन आला, चल ये म्हणून, तर आले. मायरा माझ्याबरोबर कढया घासायची, आता सायकलच्या दुकानात आहे. आजोबा सोलापूरहून इथे आलेले. तिचं मोडकंतोडकं मराठी ऐकलं की मला बरं वाटतं. "पूर्वी, तू किती बारीक झाला!"

दोनच दिवस. मावशींना सांगून आलेय. काल त्यांनी गुडघ्याला बँडेज बांधलं होतं, विचारलं तर म्हणाल्या, बागेत वाकले. बागेत काही केलेलं दिसलं नाही खरं.

ट्रेनमध्ये अक्षयाची व्हॉइस नोट आली, साडेतीन मिनिटांची. समोरच्या सीटवर एक बाई सेलो बाजूला बसवून चालली होती, सेलोला सीट बेल्टसारखा मफलर बांधला होता. नोट नंतर ऐकते.

मंगळवार, १४ एप्रिल, केंब्रिज

चाकाची तार कशी ताणायची ते शिकले. टिचकी मारून आवाज ऐकायचा, सगळ्या तारांचा सूर एक झाला की चाक सरळ. दुकानाचा मालक म्हणाला, हात चांगला आहे, थांबतेस का महिनाभर?

अक्षयाच्या आणखी दोन नोटा. ग्रुपवर पण कायकाय चाललंय, नव्वद मेसेज. रेसिप्या असणार.

गुरुवार, १६ एप्रिल

लिहवत नाहीये. पण लिहिते.

काल ट्रेनमध्ये अक्षयाच्या नोटा ऐकल्या. पहिलीत ती हळू बोलतेय, बाथरूममधून असावी. "पूर्वी, कौन्सिलचं पत्र आलंय. या नावाच्या व्यक्तीची ओळख पटत नाही, कागद दाखवा असं आहे. पुष्कर खूप घाबरलाय. तू काय नाव लिहिलंस माझं?" दुसरीत नुसतं, "फोन कर ना." तिसरीत काहीच नाही, नळाचा आवाज आणि मग बंद.

मी लिहिलं होतं अक्षया. सगळे तिला अक्षया म्हणतात. पण ते सासरचं. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहितात, तेच मग तोंडी रुळतं. पासपोर्टवर, इन्शुरन्स नंबरामागे माहेरचंच नाव राहतं. अकरापैकी आठजणींचं असं निघालं. आठ घरांत आठ पत्रं. आणि पुष्करने नवऱ्यांच्या क्रिकेटच्या ग्रुपवर टाकलं, 'कुणीही कशावरही साइन करू नका, व्हिसाचा प्रश्न येईल.' नव्वद मेसेज ते होते.

घरी आले तर मावशी जिन्याच्या पायरीवर बसून बूट काढत होत्या. म्हणजे त्या गेले आठवडाभर एकट्या दारोदार फिरत होत्या. बँडेज त्याचं. मला एक फोन केला नाही.

"का नाही बोलावलंत?"

"दोन दिवस म्हणून गेली होतीस. मजेत असशील म्हटलं."

मी रडले. शिव्या घाला म्हटलं. त्यांनी आमटीभात वाढला.

मग म्हणाल्या, "तुझी चूक नवी न्हवं गं. पंच्याहत्तर वर्षांची आहे. देशाची पहिली मतदारयादी करायला माणूस आमच्या दारात आला, तेव्हा माझी आई एकवीस वर्षांची. नाव विचारलं त्यानं. सासरा ओसरीत बसलेला, त्याच्यासमोर सून आपलं नाव सांगणार कशी? यादीवाल्यानं लिहिलं, 'अमक्याची बायको'. पुढं तसली सगळी नावं कटली. माझे वडील, बापू, मत द्यायला गेले, आई दारात उभी राहून बघत होती. मला सांगायची, मधू, मला कुणी घालवलं नाही, मीच माझं नाव गिळलं."

"म्हणून तुम्ही सांगत होता, पासपोर्टप्रमाणे..."

"आता जेव. सोमवार शेवटचा दिवस आहे. चार दिवस म्हणजे लई झाले."

शुक्रवार, १७ एप्रिल

कुठे लक्ष जाऊ द्यायचं नाही असं हातावर पेनने लिहून निघाले. एक बुलडॉग स्केटबोर्डवर होता. बघितला नाही. म्हणजे, थांबले नाही.

दार उघडलं की आधी मी माफी मागते. मग विचारते, "तुमचं पासपोर्टवरचं नाव काय?" किती साधा प्रश्न, पण बायका इकडेतिकडे बघतात. अनुराधाकाकू हसायलाच लागल्या. "अगं, कुणी विचारलं नाही गं बारा वर्षांत. मंगल." तनयाताई म्हणाली, "सांगते, पण ग्रुपवर नको. सोनाबाई." शिल्पाकाकूंनी मला दारातच उभं केलं. "एवढी मोठी घोडी झालीस, दुसऱ्याचे कागद असे भरतात?" बरोबरच होतं. मग आत बोलावून फोनवर स्वतःच फॉर्म भरायला बसल्या, आणि नावाच्या रकान्याशी थांबल्या. "सुलोचना. माझ्या वडिलांनी ठेवलं होतं. फार वाचायचे ते."

सहा झाल्या. मी कुणाच्याही फोनला हात लावला नाही.

रविवार, १९ एप्रिल

अक्षय्य तृतीया. काल एक झाली, आता आठांतली शेवटची अक्षया. ती फोन उचलत नव्हती. मावशी म्हणाल्या, मीही येते. गुडघा धरत धरत आल्या.

पुष्करने दार उघडलं. मला वाटलं होतं ओरडेल. तो बारीक दिसत होता, शर्टाचं बटण चुकीच्या काजात.

"काकू, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आठ महिन्यांनी आमचं पर्मनंटचं अॅप्लिकेशन. दारातून कुठलंही पत्र पडलं ना, की मी आधी पाकीट उलटून कुठून आलं ते बघतो. प्रत्येक पाकीट मला व्हिसावाल्या होम ऑफिसचंच वाटतं."

"खरं आहे रे बाबा. आम्हालाही वाटायचं. पाच वर्षं मी पोस्टमनला भ्यायची." मावशी बुटांच्या रॅकवर बसल्या. "पण कौन्सिल टॅक्स भरतोस न्हवं? कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते ज्यांनी सांगितलं, तेच हे. तुला नियम हवा तर हा कागद बघ, सरकारी आहे. भारतीय नागरिकाला इथं मताचा हक्क आहे, त्यानं भारताचं नागरिकत्व जात नाही की व्हिसा जात नाही."

त्याने कागद वाचला. दोनदा. "तरी पण नाव चुकीचं का टाकलं? तिचं नाव अक्षया..."

"नाही," जिन्यातून आवाज आला. अक्षया तिथे कधीची उभी होती कोण जाणे. "द्वारका आहे."

पुष्करने हातातला कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"आईला ते जुनं वाटलं होतं," पुष्कर माझ्याकडे बघत म्हणाला, जसं काही मीच विचारलं.

"माझ्या आजीचं होतं."

"मला माहितेय. तुझ्या पत्रिकेवर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आवडलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"भटजींनी ताट पुढे केलं. जे लिहायला सांगितलं होतं ते लिहिलं." त्याने कागदाची घडी घातली. "विचार करतो, काकू."

येताना मी म्हटलं, तो 'नाही'च म्हणणार. मावशी म्हणाल्या, "त्यानं हो म्हणायचं नाहीच आहे. तिनं म्हणायचंय." मग एका घराच्या भिंतीवर बसल्या, पाच मिनिटं. मी त्यांच्या पिशवीतली पत्रकं घेतली. किती जड होती ती.

सोमवार, २० एप्रिल

दिवसभर फोन उलटा ठेवून बसले, सारखा बघायला नको म्हणून, आणि सारखा उलटून बघितला.

साडेचारला अक्षयाचा मेसेज. शब्द एकही नाही, नुसता फोटो. 'तुमचा अर्ज मिळाला', आणि वर नाव, द्वारका.

मावशींना दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितला. मग मला म्हणाल्या, "आणि बारावी?"

मी भरायला बसले. एक प्रश्न आहे, गेल्या बारा महिन्यांत आणखी कुठे राहत होता का? पत्ता लिहायला एकच रकाना. माझे सहा निघाले. बर्मिंगहॅमला ज्या बोटीत राहिले तिला तर पत्ताच नव्हता. शेवटी फक्त केंब्रिजचा लिहिला. आत्ताचा पत्ता विचारला तिथे मावशींच्या घराचा नंबर घातला. पोस्टकोड पाठ होता. कधी पाठ झाला कळलं नाही.

शनिवार, २ मे

आज पोस्टाने माझ्या नावाचं मतदानाचं कार्ड आलं. मी फ्रीजवर लावायला गेले तर मावशींनी आधीच चुंबक मोकळं करून ठेवलं होतं. त्याखाली आधी काकांचा फोटो असायचा. "ह्यांना हॉलमध्ये नेलं. तिथं ऊन येतं," म्हणाल्या.

स्कायचं तिकीटही आलं, फोनवर. ते चुंबकाला लावता येत नाही.

गुरुवार, ७ मे

मतदान चर्चच्या हॉलमध्ये. बाहेर रेलिंगला पाच कुत्री बांधलेली, एकाच्या गळ्यात फुलांचा पट्टा. मी सगळ्यांना हात लावला, पण शपथेवर सांगते, रांगेतली जागा सोडली नाही.

अकराजणी साडेनऊला यायच्या ठरल्या होत्या, मुलांना शाळेत सोडून. एकेक करत दहा आल्या. अनुराधाकाकू पैठणी नेसून आल्या, वर रेनकोट. प्रत्येकीच्या हातात पासपोर्ट, कारण इथे फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. मावशी फाटकाबाहेर पार्टीचं रोझेट, म्हणजे रिबिनीचं फूल, छातीला लावून उभ्या. कुणाला काही म्हणत नव्हत्या, नुसत्या हसत होत्या.

अक्षया नव्हती.

पावणेदहा. दहा. शिल्पाकाकू म्हणाल्या, फाईल मिळाली नसेल तिला. मी मावशींकडे बघितलं. त्या रस्त्याच्या वळणाकडे बघत होत्या, तोंडावरचं हसू तसंच, पण रोझेट एका हाताने घट्ट धरलेलं.

आणि वळणावर ते दोघं दिसले. पुढे अक्षया. मागे पुष्कर, ऑफिसच्या कपड्यांत, छातीशी ती निळी प्लास्टिकची फाईल दोन्ही हातांनी धरलेली, जसं कुणी तान्हं मूल धरावं. त्यात सगळं आणलं होतं. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, वीजबिल, पगाराच्या तीन स्लिपा.

"एवढं कशाला रे?" मावशी म्हणाल्या.

"काही विचारलं तर, काकू." मग खाली बघत, "मी पण केलंय रजिस्टर. तिच्यानंतर वीस मिनिटांनी."

आत टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, कानात मशीन, त्यामुळे आवाज मोठा. इथली पद्धत अशी की ओळख बघतात आणि यादीतला नंबर आणि नाव मोठ्याने वाचतात. अनुराधाकाकू पुढे गेल्या आणि हॉलभर घुमलं, "मंगल..." सगळ्या जणी दचकल्या. मग सुलोचना. मग सोनाबाई. गृहस्थांचे उच्चार असे की निपाणीत कुणाला कळले नसते, पण जिची ती ओळखत होती. शेजारी राहून एकमेकींची नावं माहीत नव्हती या बायकांना. रांगेत कुजबुज, "अगं, तू सोनाबाई?" "मग काय झालं?" "माझ्या मावशीचं नाव गं!"

अक्षया पुढे झाली. पासपोर्ट दिला. गृहस्थांनी चष्मा वर केला, फोटो बघितला, तिला बघितलं. "द्वारका," ते म्हणाले, जरा अडखळत. आणि इंग्लिशमध्ये विचारलं, बरोबर म्हटलं ना मी?

ती म्हणाली, "येस. दॅट्स मी."

मागे पुष्करने फाईलमध्ये तोंड घातलं. काहीतरी शोधत होता बहुतेक.

मी शेवटची. पेन्सिलीला दोरी बांधलेली होती. मावशींच्या नावापुढे फुली मारली. माझ्याकडून कधी एवढी सरळ रेघ आली नव्हती.

शनिवार, ९ मे

हरल्या.

काल मोजणी झाली, स्पोर्ट्स सेंटरमध्ये, बॅडमिंटनच्या रेघांवर टेबलं मांडून. मागच्या वेळी या वॉर्डात पार्टीला तीनशे बारा मतं होती. या वेळी मावशींना सातशे एकोणीस. निवडून येणाऱ्याला हजारावर. अतुल कागद हातात धरून उभा. "काकू, सातशे! काहीच न करता!"

"काहीच न करता," मावशी म्हणाल्या आणि त्याच्या डब्यात एक समोसा ठेवला.

तो म्हणाला, पुढच्या वेळी तुम्ही खरी कँडिडेट. चार वर्षं आहेत. आत्तापासून काम सुरू करायची. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग लगेच दुसरीकडे. काय बघितलं कळलं नाही. थकल्या असतील.

आज दुपारी मी बॅग भरायला घेतली. ती भरायला नेहमी वीस मिनिटं लागतात. आज दोन तासांत अर्धी झाली, कारण मधे वाटलं मावशींना आंबोळ्या आवडतात, जायच्या आधी शिकून घ्याव्यात. तर त्या किचनमध्ये ताटात तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले.

"मावशी, तुमचं माहेरचं नाव काय?"

"मधुमती."

"म्हणजे बदललं नाही?"

त्या हसल्या. "बदलणार होते की. ठरलं होतं सुनंदा. ताटात तांदूळ पसरले, काकांनी अंगठीनं लिहिलं. सु काढला, नं काढला, दा काढला. भटजी म्हणाले, वाचा बघू सगळ्यांनी. आणि मला शिंक आली."

"खरंच आली?"

"आणली. ताट हललं, तांदूळ सपाट. काकांनी पुन्हा लिहायला अंगठी उचलली, माझ्याकडं बघितलं, आणि ठेवून दिली. म्हणाले, राहू दे, मधुमती वाचता येतंय." मावशींनी ताट माझ्याकडे सरकवलं. "आईला हे सांगितलं तर कितीतरी वेळ हसत होती. मग म्हणाली, बरं केलंस, माझ्या वाटची पण शिंकलीस."

त्या देवघराकडे दिवा लावायला गेल्या. मी ताट हलवून तांदूळ सपाट केले आणि बोटाने माझं नाव लिहिलं. पूर्वी. खाली घराचा नंबर. मग लाज वाटली आणि सगळं पातेल्यात ओतलं. त्यात उडीदडाळ घातली, चार मेथीदाणे, पाणी.

मावशी आल्या, पातेल्यात डोकावल्या. "एवढे? एकटीला किती आंबोळ्या लागणार मला?"

मी म्हटलं, अंदाज चुकला.

ट्रेन उद्या सकाळी सात चाळीसची. मावशी म्हणाल्या, तांदूळ रात्रभर भिजायचे, उद्या वाटायचे, मग इथल्या थंडीत पीठ फुगायला आणखी एक दिवस. म्हणजे आंबोळ्या सोमवारी. वाटायला बसलं की मिक्सरचं झाकण घट्ट धरावं लागतं, मावशींचा हात आता पुरत नाही. ते मी धरेन.